आशेरसाठी प्रार्थना

आमचे मिस्त्री माणसाला कधी रागावत नसत. ते देवाला सांगत.

म्हणजे असं, की दिवसभर हा माझा नवरा गप्प. सकाळी लोणावळ्याच्या इंजिन-शेडात जायचं, लोखंडाशी डोकं फोडायचं, संध्याकाळी येऊन हातपाय धुवायचे आणि पुढ्यात येईल ते निमूट खायचं. डाळ खारट झाली तरी हूं की चूं नाही. जेवणं उरकली की आम्ही चौघं दिव्याभोवती सतरंजीवर गुडघे टेकायचो. ख्रिस्ती घराची रीतच ती. शास्त्रातला एक भाग वाचायचा, एक गीत म्हणायचं, आणि मग धाकट्यापासून थोरापर्यंत प्रत्येकानं आपल्या मनातली प्रार्थना मोठ्यानं करायची. पाठ केलेली चालत नसे. आधी आमची सुनेत्रा, मग तिचा मोठा भाऊ आशेर, मग मी, आणि सगळ्यात शेवटी मिस्त्री. तिथं त्यांचं तोंड उघडायचं.

"हे कृपाळू पित्या, या घरातील स्त्रीला सुबुद्धी दे. तिचे चित्त चुलीपाशी नसते, म्हणून मीठ दोनदा पडते."

आता यावर माणसानं काय बोलावं? डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि बोलणं चाललंय देवाशी. मध्ये तोंड घातलं तर पाप लागायचं. माझी पाळी तर आधीच होऊन गेलेली. मग मी ते दुसऱ्या दिवसापर्यंत पोटात ठेवायचे आणि माझ्या पाळीत म्हणायचे, "प्रभो, ज्यांना डाळ खारट लागली त्यांनी ती मागून मागून का खाल्ली, ते तुलाच ठाऊक." सुनेत्राला हसू फुटायचं. आशेर तिला कोपरानं ढोसायचा. मग मिस्त्री आपल्या पाळीत सांगायचे, की प्रार्थनेत हसणाऱ्या कन्येला गांभीर्य दे.

त्यांची भाषासुद्धा बदलायची. मिस्त्री मूळचे वडिवळ्याचे, भातखाचरातले. एरवी "कुटं गेलतीस" आणि "मला न्हाई ठावं". देवापुढं बसले की पाळकासारखे "कोठे" आणि "नाही". मी मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली, मला ते ऐकून गंमत वाटायची. आवाजही चढायचा त्यांचा. रेल्वेच्या चाळीत दोन खोल्यांमध्ये नुसत्या फळ्या, पलीकडं कुणी भांडं ठेवलं तरी ऐकू यायचं. शेजारच्या झुंबरबाई नळावर मला विचारायच्या, "रिबकाबाई, तुमच्या देवाला कमी ऐकू येतं व्हय?" मी म्हणायचे, "देवाला नाही हो, शेजाऱ्यांना कमी येतं अशी यांची समजूत आहे." त्याही हसायच्या आणि मीही. घरातलं घरात होतं, तोवर मला त्याचं काही वाटत नसे.

ही गोष्ट घाटात विजेच्या गाड्या यायच्या आधीची. तेव्हा कोळशाची इंजिनं होती. कर्जतहून वर चढणाऱ्या गाडीला मागून आणखी एक इंजिन ढकलत आणायचं, आणि त्या इंजिनावर आमचा आशेर आगवाला होता. भट्टीत कोळसा टाकायचं काम. अंगानं दणकट पोरगा, मिसरूड नुकतं जाड झालेलं. घरी आला की डोळे आणि दात तेवढे पांढरे दिसायचे. मला त्याचा लई अभिमान होता, आणि तो मी कुणापासून लपवतही नव्हते.

त्या साली नाताळाच्या दोन-तीन महिने आधी घाटातल्या बोगद्यात इंजिनावरची, पाणी दाखवणारी काचेची नळी फुटली. आशेरबरोबर त्याच इंजिनावर मारुती नावाचा दुसरा आगवाला होता, नवलाख उंबरे गावचा. उकळती वाफ त्याच्या तोंडावर आली. कुणाची चूक नव्हती. काच आहे, फुटते. बोगदा संपेपर्यंत आशेरनं त्याला पोटाशी धरून ठेवलं. मारुतीचा एक डोळा गेला. बरा झाल्यावर तो गावी शेती बघायला गेला, आणि आशेर पुन्हा कामावर गेला.

पण माझा पोरगा तो राहिला नाही. ताटात भाकरी तशीच राहायची. कुणी जोरात हाक मारली की दचकायचा. प्रार्थनेत त्याची पाळी आली की "आजच्या दिवसाबद्दल आभार, आमेन," एवढंच, घाईघाईनं. मी विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, दमलोय." मी आई आहे, मला काय कळत नव्हतं? पण खोदून विचारायला गेलं की तो उठून बाहेर जायचा.

मग एका संध्याकाळी सुनेत्राची प्रार्थना झाली, आशेरची पाळी आली, आणि तो बराच वेळ बोललाच नाही. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात अगदी हलक्या आवाजात तो म्हणाला,

"देवा, मला बोगद्याची भीती वाटते. गाडी खंडाळ्याच्या खाली गेली की माझे हात कापतात. आत अंधार झाला की मारुती ओरडतोय असं वाटतं. भट्टीचं दार उघडलं की वाटतं, आता मी. काल मी रडलो. ड्रायव्हरनं बघितलं नाही. मला तिथनं काढ, देवा. मी शेडात झाडू मारीन. तू मला भित्रा म्हणशील तर म्हण."

पाळी माझी होती. मी नुसतं आमेन म्हटलं. मिस्त्रींनीही त्या दिवशी कुणाला सुबुद्धी मागितली नाही. त्यांनी सगळ्यांना पाठ असलेली प्रभूची प्रार्थना तेवढी सावकाश म्हटली आणि आमेन झाल्यावर आशेरच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्यांनी बराच वेळ उचलला नाही. मला वाटलं, देवानं घर म्हणून जे सांगितलं ते हेच असणार.

सकाळी आशेर नीट जेवला. मी डबा बांधत होते तेव्हा जवळ येऊन म्हणाला, "आई, नाताळ झाला की मी साहेबाकडं जातो. शेडात इंजिन पुसायचं काम मागतो. तोवर कुणाला बोलू नकोस."

"मी कशाला बोलेन?" मी म्हटलं. किती तरी दिवसांनी तो माझ्याकडं बघून हसला.

आणि मग बुधवार आला.

दर बुधवारी आमच्या मंडळीतली माणसं आळीपाळीनं एकेका घरी प्रार्थनेला जमायची. त्या बुधवारी आमची पाळी होती. मिस्त्री मंडळीतले वडील, म्हणजे पंचांपैकी एक, तेव्हा त्यांना मान. खोली भरली. निम्मी माणसं शेडातलीच. ज्याच्या घरी दुखणं असेल त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची पद्धत. कुणाची आई आजारी होती, कुणाची म्हैस आटली होती, सगळ्यांची नावं झाली. शेवटी मिस्त्रींनी घसा साफ केला.

"आणि हे सर्वसमर्थ प्रभो, माझ्या स्वतःच्या घरात तुझा एक दास भयाच्या बंधनात आहे. माझा पुत्र आशेर."

मी ताठ झाले.

"बोगद्यात त्याचे हात कापतात. तो लहान लेकरासारखा रडतो. त्याच्याच मुखातून मी हे ऐकले आहे. त्याचे भ्याड हृदय काढून टाक, प्रभो, आणि त्याला वीराचे हृदय दे."

मी खोकले. पुन्हा खोकले. माझा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लागून होता, तो मी दाबला. त्यांना वाटलं मलाही गहिवरून आलं. त्यांचा आवाज आणखी चढला. फळ्यांच्या पलीकडं झुंबरबाईंचा बजरंग जेवत होता, त्याच्या ताटाचा आवाज थांबला. त्या मेल्या भिंतीतून एकही अक्षर वाया जात नव्हतं.

मला राहवेना म्हणून मी डोळे उघडले. सगळी डोकी खाली होती, आणि एकटा आशेर मान वर करून आपल्या बापाकडं बघत होता. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काही बोलले नव्हते. पण मी त्याच घरातली होते, त्याच सतरंजीवर बसले होते, आणि माझ्या लेकाचं अंग चारचौघांत उघडं केलं जात असताना हात जोडून होते.

आमेन झालं. मिस्त्रींच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं, हे मला सांगायलाच हवं. मंडळी आशेरच्या भोवती गोळा झाली. एक म्हातारी त्याचा गाल कुरवाळून म्हणाली, "भिऊ नको हं बाळा, प्रभू आहे." दुसऱ्यानं खांदा थोपटला. आशेरनं सगळ्यांना चहा नेऊन दिला, रिकाम्या कपबश्या गोळा केल्या, दाराशी उभं राहून प्रत्येकाला सलाम केला. वाटलं, त्यानं ओरडावं, भांडावं.

दोन दिवसांत शेडभर झालं. आशेर येताना दिसला की कुणीतरी म्हणायचं, "बोगदा आला रे, पोरं सांभाळा." एका दुपारी त्याच्या फावड्याच्या दांड्याला कुणी लहान मुलाचं टोपडं बांधून ठेवलं. ते टोपडं घेऊन तो घरी आला. मिस्त्री खाटेवर बसले होते. त्यानं ते त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"ह्ये काय?" मिस्त्री म्हणाले.

"तुमच्या प्रार्थनेचं फळ."

मिस्त्रींनी ते उलटंसुलटं करून बघितलं. कोळशाची बोटं लागलेली होती त्याला. "मी काय वंगाळ केलं?" ते म्हणाले. "पोरासाठी प्रार्थनाच केली न्हवं?"

"आबा," आशेर म्हणाला, "मी ते देवाला सांगितलं होतं. तुम्हाला नव्हतं सांगितलं."

मग त्यानं सांगितलं, की आता तो साहेबाकडं जाणार नाही. आता शेडात काम मागितलं तर ते टोपडं जन्मभर डोक्यावर बसेल. तो घाटातच जाणार, आणि दुसऱ्यांच्या पाळ्याही घेणार. त्या संध्याकाळी आम्ही सतरंजी अंथरली तर तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. सुनेत्रा बोलवायला गेली. तो म्हणाला, "माझं काय असेल ते मी गाडीवर सांगतो. इथं बोललेलं गावभर होतं."

त्या दिवशी मी माझ्या पाळीची वाट बघितली नाही. डोळे उघडे ठेवून नवऱ्याला सांगितलं, "तुम्ही लेकराची चहाडी केलीत आणि वर आमेन म्हणालात."

"बापानं लेकासाठी देवाजवळ रडू न्हाई तर कुणाजवळ रडावं?"

"रडा की. पोटात रडा. माळ्यावर चढून रडा. खोलीभर माणसं कशाला लागतात? तुम्हाला लेकाची काळजी होती, का मिस्त्री किती कळवळून प्रार्थना करतात ते ऐकवायचं होतं?"

सुनेत्रा रडायला लागली. बोलले ते मला जरा जास्तच झालं असं वाटलं, पण मी शब्द मागं घेतला नाही. मी तशी नाहीच.

पुढचे दिवस वाईट गेले. रस्त्यानं जाताना माणसं माझ्याकडं बघून एकमेकांत बोलायची. रविवारी देवळात मी मागच्या बाकावर बसायला लागले. लाज कशाची वाटत होती? आशेर घाबरतो याची? नाही, देवाशपथ नाही. मारुतीला पोटाशी धरून बसलेला पोरगा तो, त्याची लाज कशाला वाटेल? आमच्या घरात जे गुडघ्यावर बसून सांगितलं ते बाहेर गेलं, याची मला लाज वाटत होती. तोंड वर काढायला जागा राहिली नव्हती.

एका सकाळी नळावर झुंबरबाईंनी मला बाजूला घेतलं. मारुतीच्या जागी आता त्यांचा बजरंग आशेरच्या इंजिनावर होता.

"रिबकाबाई, राग धरू नका," त्या हळूच म्हणाल्या. "पोराला आवरा. काल बोगद्यात आशेरच्या हातातनं फावडं सुटलं आन् त्यो भट्टीच्या दाराकडं कलला. बजरंगनं सदरा धरला म्हनून वाचला. बजरंग म्हनतो, आज मी धरला, उद्या कोन धरल?"

माझ्या हातातली घागर तिथंच राहिली.

"आन् खोटं कशाला बोलू, आमी बी त्या दिशी ऐकलं भिंतीपलीकडनं," त्या म्हणाल्या. "पन बजरंगनं त्वांड उघडलं न्हाई. तुमच्या सभेतलाच येकजन शेडात सांगत व्हता, आशेरसाठी समद्यांनी देवाला साकडं घाला म्हनून."

म्हणजे तेही प्रार्थनेच्याच नावानं. मला हसावं का रडावं कळेना.

घरी येऊन मी मिस्त्रींना सगळं सांगितलं. ते कामावर निघाले होते, टोपी हातात होती. "भट्टीकडं कलला?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. "डोळं मिटलं व्हतं का त्यानं?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी होते का तिथं? ते टोपी न घालताच गेले.

त्या संध्याकाळी सुनेत्राची प्रार्थना झाली, माझी झाली. मिस्त्रींची पाळी आली. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांना देवापुढं अडखळताना बघितलं नव्हतं. शेवटी मीच आमेन म्हटलं. आशेर ओट्यावर पाठमोरा बसला होता.

दुसऱ्या दिवशी आशेरची दुपारची पाळी होती. डबा घेऊन तो बाहेर पडला. शेडातली माणसं जेवायला घरी येत होती, चाळीचं अंगण भरलेलं होतं, नळावर बायका होत्या. तेवढ्यात मिस्त्री तेलकट कपड्यांनिशी झपझप आले आणि त्याच्या वाटेत उभे राहिले.

"आशेर, थांब."

तो थांबला. मिस्त्रींनी हात जोडले, डोळे मिटले, आणि सुरू केलं, "हे कृपाळू पित्या, तू अंतर्यामी आहेस, तू जाणतोस—"

आशेरचा चेहरा दगड झाला. तो बाजूनं निघून जायला लागला. मी दारातच होते, पिठाच्या हातांनी.

"डोळे उघडा," मी म्हटलं. "देव कुठं जात नाही. लेक चाललाय. त्याच्याशी बोला."

मिस्त्रींनी डोळे उघडले. अंगणात एवढी माणसं आहेत हे त्यांना तेव्हाच दिसलं असावं. ते जरा गांगरले. मग बोलले ते त्यांच्या वडिवळ्याच्या भाषेत बोलले.

"आशेर, मी बी आगवाला व्हतो."

हे आम्हाला माहीत होतं. आमचं लग्न झालं तेव्हा ते इंजिनावरच होते. पुढं डोळे अधू झाले म्हणून दुरुस्तीच्या कामाला लागले, असं त्यांनी सांगितलं होतं आणि मी ते सगळ्यांना सांगत आले होते.

"डोळं अधू झालं म्हनून सोडलं, असं समद्यांना सांगितलं. तुज्या आईला बी. माज्या डोळ्याला काय बी झालं न्हवतं. मला बोगद्याचं भ्या वाटायचं. येका खेपंला मी कोळशाच्या ढिगात जाऊन बसलो, उठंनाच. ड्रायव्हरनं लाथ घातली तरी उठंना. धोतर वलं झालं माजं."

नळावर कुणीतरी फिसकन हसलं. आशेरनं मागं वळून बघितलं, मग बापाच्या जवळ सरकला.

"आबा, हळू बोला," तो म्हणाला. "लोक ऐकतायत."

"ऐकू दे. तुजं त्यांनी माज्या तोंडनं ऐकलं. आता माजं ऐकू दे." मिस्त्रींनी आवाज खाली आणला नाही. "रोज गुडघं टेकतोय मी. समद्यांचं देवाला सांगितलं. तुज्या आईचं सांगितलं, सुनेत्राचं सांगितलं, तुजं सांगितलं. माजं ह्ये येवढं कंदी सांगितलं न्हाई. तुमी ऐकाल म्हनून."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. पहिल्यांदा मला रागच आला. इतकी वर्षं एका घरात काढली आणि या माणसानं मला हे सांगितलं नाही? मग वाटलं, सांगणार तरी कसं? सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी माझ्या पाळीत त्याचं काय केलं असतं? खारट डाळीचं केलं तेच. माझी मान आपोआप खाली गेली.

"म्यां तुला वीराचं काळीज मागितलं," मिस्त्री म्हणत होते. "माज्यापाशी न्हवतं त्ये तुज्यासाठी मागितलं, आन् ते बी दवंडी पिटून. पोरा, तू गाडीवर जाऊ नगं. साहेबाकडं चल माज्यासंगं. मी सांगतो त्याला, भित्र्याचा पोरगा हाय, ह्याला शेडात घ्या म्हनून."

हसणारे आता हसत नव्हते. बजरंग आपल्या दारातून खाली उतरला आणि आशेरच्या हातातला डबा घेऊन म्हणाला, "आज तुज्या वाटचा कोळसा बी मीच टाकतो. तू जा आबांसंगं." आशेरनं डबा सोडला. मग त्यानं बापाचा दंड धरला, आणि दोघं शेडाच्या रस्त्यानं गेले.

साहेब भला होता म्हणा, किंवा त्याला थरथरणारा आगवाला नकोच होता म्हणा, आशेरला इंजिन पुसायचं काम मिळालं. शेडात काही दिवस "म्हातारा बोगदा, धाकटा बोगदा" चाललं. मिस्त्री खाली मान घालून ऐकून घ्यायचे. मंडळीच्या पंचांतून ते आपणहून बाहेर पडले. बुधवारी कुणी विचारलं, की आशेरसाठी काय मागायचं, तर म्हणायचे, "त्याला इचारा." टिंगल हळूहळू थांबली. लोकांना दुसरे विषय मिळाले.

आशेर ज्या दिवशी साहेबाकडं जाऊन आला, त्याच संध्याकाळी ओट्यावरून उठून आत आला आणि सतरंजीवर आपल्या जागी गुडघे टेकले. सुनेत्राची प्रार्थना झाली. त्याची पाळी आली. आम्ही वाट बघत राहिलो. तो काही बोलला नाही. बऱ्याच वेळानं त्यानं आमेन म्हटलं, आणि आम्हीही म्हटलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. वाटलं, होईल हळूहळू. त्याचं लग्न झालं, त्याच्या पोरी आता त्याच्या शेजारी बसून भराभरा प्रार्थना म्हणतात, तरी तसंच आहे. बापाशी तो बोलतो, त्यांच्याबरोबर हसतो, थंडीत त्यांचे पाय चेपून देतो. पण देवाशी काय बोलतो ते त्यानं आम्हाला पुन्हा कधी ऐकू दिलं नाही. त्याची पाळी आली की मिस्त्री मान इतकी खाली घालतात की कपाळ सतरंजीला टेकतं, आणि पोरानं आमेन म्हणेपर्यंत ते ती वर करत नाहीत.